पाणी मोजणाऱ्यांनो, जात कोण मोजणार?

आपल्या लोकांत एक खोड आहे. पाण्याचा विषय निघाला की आपण सरळ महाडला जातो, चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर उभे राहतो, छाती भरून येते, जयभीम म्हणतो आणि घरी जातो. तळ्याच्या पुढं आपलं पाऊल पडत नाही. धरण, खाडी, सरोवर, नदी-सुधार हे सगळं आपण इंजिनियर लोकांवर आणि झोळीवाल्या पर्यावरणवाल्यांवर सोडून मोकळे झालोत. परवाच एक कार्यकर्ता मित्र मला म्हणाला, "पक्षी आणि डॉल्फिन वाचवणं हे भरल्या पोटाच्यांचं काम. आपल्याला अॅट्रॉसिटीच्या केसेस उरकत नाहीत." त्याचा राग खरा आहे, पण हिशोब कच्चा आहे. जिथं पाणी सुधारतं तिथं पाण्याची किंमत वाढते. आणि ज्या वस्तूची किंमत वाढली ती वस्तू आपल्या हातात कधी राहू दिलीय ह्या देशानं?

हे मी हवेतलं बोलत नाही. चिल्क्याचं बोलतोय.

मी सुरतेत एका डाईंग मिलमध्ये जेट मशीनवर आहे. मूळचा खानदेशचा, दहावी नापास. माझ्या बाजूच्या मशीनवर गंजाम जिल्ह्यातला एक ओडिया माणूस आहे. सुरतेचे लूम आणि मिला निम्म्या गंजामच्या घामावर चालतात, हे इथल्या कुणालाही विचारा. आम्ही त्याला भाइना म्हणतो, म्हणजे त्यांच्या भाषेत थोरला भाऊ. जातीनं केउट. बापजादे चिल्क्यात जाळं टाकायचे. मी विचारलं, भाइना, पेपरात तर येतं की चिल्का सुधारलं, मासे वाढले, बाहेर देशात बक्षीस मिळालं. मग तू इथं कढत्या पाण्याच्या वाफेत काय करतोस? तो हसला. म्हणाला, "झील ठीक हो गया. झील में हमारा जगह नहीं रहा." तेव्हापासून मी चिल्क्यावर मिळेल ते वाचतोय. इंग्रजी अडलं की पोरांकडून समजून घेतो.

चिल्का हे ओडिशाच्या किनाऱ्यावरचं खाऱ्या-गोड्या पाण्याचं अफाट सरोवर. उन्हाळ्यात सुमारे 900 चौरस किलोमीटर, पावसाळ्यात 1,100 च्या वर. एका अंगानं महानदीच्या फाट्यांचं गोडं पाणी येतं, दुसऱ्या अंगानं समुद्राचं खारं. दोन्ही मिसळतात म्हणून मासा, झिंगा, खेकडा तिथं मातून राहतो. सुमारे दोन लाख माणसं ह्या पाण्यावर जगतात. केउट जाळं टाकणारे, कंडरा आणि तिअर सापळे लावणारे. म्हणजे जातीनं नुसता धंदा वाटून दिला नाही, धंद्याचं हत्यारसुद्धा वाटून दिलं. ओडिशाच्या सरकारी यादीत ह्या तिन्ही जाती अनुसूचित आहेत. पर्यावरणाच्या पुस्तकांत त्यांचं नाव 'स्थानिक समुदाय' असं असतं. किती स्वच्छ शब्द आहे बघा! कढत पाण्यात धुऊन काढल्यासारखा. जातीचा डाग कुठं म्हणून दिसत नाही.

1981 साली चिल्का जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेलं. आणि 1993 साली बिघडलेल्यांच्या यादीतही गेलं. गाळ साचत होता, समुद्राकडचं तोंड वाळूनं बुजत चाललं होतं, पाण्याचा खारेपणा उतरला, पाणवनस्पती माजली, मासा घटला. 1991 साली सरकारनं चिल्का विकास प्राधिकरण काढलं होतं. मग मापं सुरू झाली. आपल्या पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेनं पाण्याच्या हालचालीचा अभ्यास केला, आणि सप्टेंबर 2000 मध्ये सातपाड्याच्या बाजूला वाळूचा बांध कापून समुद्राला नवीन तोंड करून दिलं. समुद्राचा रस्ता सुमारे 18 किलोमीटरनं जवळ आला. खारं पाणी आत आलं आणि मासा परतला. 1999-2000 मध्ये सगळ्या सरोवराची मासळी पावणेदोन हजार टनांच्या आसपास होती. दोन वर्षांत ती बारा हजारांच्या घरात गेली. 2002 मध्ये चिल्का बिघडलेल्यांच्या यादीतून बाहेर आलं. त्याच साली प्राधिकरणाला रामसरचा पुरस्कार मिळाला.

हे काम चांगलं झालं. मी ते नाकारत नाही, आणि आपल्यापैकी कुणी नाकारू नये. विज्ञानाला शिव्या घालणारा कार्यकर्ता बाबासाहेबांचा नव्हे.

ह्या कामाच्या पद्धतीला मोठ्या लोकांत एक नाव आहे: अॅडॅप्टिव्ह मॅनेजमेंट. कॅनडाचा होलिंग नावाचा शास्त्रज्ञ आणि त्याच्या सोबत्यांनी 1978 मध्ये ह्यावर पुस्तक काढलं, तिथून हा शब्द जगभर गेला. मराठीत कुणी 'अनुकूली व्यवस्थापन' म्हणतं. तो शब्द वाचून मला झोप येते. साधं सांगतो. नदी, खाडी, सरोवर ह्या इतक्या गुंतागुंतीच्या गोष्टी आहेत की आज काय केल्यावर उद्या काय होईल ते कुणालाच पक्कं ठाऊक नसतं. म्हणून एकदम शेवटचा आराखडा करून त्याच्यावर शिक्का मारायचा नाही. थोडं करायचं. काय झालं ते मोजायचं. त्यातून शिकायचं. मग पुढचं काम बदलायचं. पुन्हा मोजायचं. चिल्क्याला हे करावंच लागतं, कारण समुद्र कुणाच्या आराखड्याला विचारत नाही. 2008 मध्ये गबकुंदाजवळ त्यानं स्वतःच दुसरं तोंड फोडलं, 2019 च्या फनी वादळात आणखी फोडली. दर वेळी खारेपणाचं गणित नव्यानं मांडायचं.

गिरणीतल्या माणसाला ही पद्धत कुणी शिकवायला नको. आम्ही रोज तेच करतो. पार्टीनं शेड दिला, की आम्ही मशीनमध्ये कापड टाकतो, रंग सोडतो, तापमान चढवतो. मग मशीन थांबवून त्यातून चिंदी काढायची, धुवायची, वाळवायची आणि मास्तरपुढं धरायची. मास्तर खिडकीच्या उजेडात बघतो. लाल कमी. निळा जास्त. पुन्हा रंग, पुन्हा वाफ, पुन्हा चिंदी. शेड जुळेपर्यंत. आता बघा, चिंदी मी काढतो. पाणी किती तापलंय हे काट्याआधी माझ्या हाताला कळतं. पण 'जुळला' म्हणायचा अधिकार माझा नाही. आणि दुसरी गोष्ट: त्या उजेडात कापडाचा रंग तपासतात. माझ्या हाताची कातडी कुणी तपासत नाही. तिचा शेड रोज बदलतो. तिच्यासाठी वहीत रकानाच नाही. आणि ज्याला रकाना नाही ते बिघडलं तरी मशीन थांबत नाही.

माझं सगळं म्हणणं ह्या एका रकान्याबद्दल आहे. करून बघा-मोजा-शिका-बदला, ही पद्धत जे मोजते तेवढंच शिकते. चिल्क्यात खारेपणा मोजला, म्हणून खारेपणा सुधारला. डॉल्फिन मोजले. पक्षी मोजले. 2012 मध्ये चिल्क्याच्या तब्येतीचं रिपोर्ट कार्ड निघालं, शाळेतल्या पोरासारखं, आणि त्यात सरोवराला 'बी' श्रेणी मिळाली. पाणी किती नितळ, पाण्यात प्राणवायू किती, पक्षी किती, मासा किती आणि केवढा, हे सगळे विषय त्यात आहेत. मासा कुणाच्या जाळ्यात गेला, हा विषय नाही. मग त्या विषयात चिल्का नापास झालं तर ते कुणाला कळणार?

आणि नापास तर ते फार आधीच झालं होतं. 1980 च्या दशकात झिंग्याला परदेशात सोन्याचा भाव आला. सरकारनं 1986 मध्ये टाटांशी झिंग्याच्या मोठ्या प्रकल्पाचा करार केला. मच्छीमार उठले, विद्यार्थी उठले, चिल्का बचाव आंदोलन झालं, टाटांना माघार घ्यावी लागली. पण टाटा गेल्यानं घेरी गेली नाही. घेरी म्हणजे बांबू आणि जाळ्यांनी सरोवराचा तुकडा वेढून त्यात झिंगा वाढवायचा. पाण्यावरचं कुंपण. 1991 च्या सरकारी धोरणानं पकडायची मासळी वेगळी आणि वाढवायची मासळी वेगळी अशी फोड केली, आणि ह्या दुसऱ्या दरवाज्यातून बिगर-मच्छीमार वरच्या जातींचा पैसा पाण्यात उतरला. ज्यांच्या घरात पूर्वी मासेमारीला विटाळाचा धंदा म्हणत, त्यांना झिंग्याचा वास एकदम अत्तरासारखा यायला लागला. 11 डिसेंबर 1996 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की चिल्क्याच्या हजार मीटरांच्या आत झिंग्याची शेती चालणार नाही. निकाल कागदावर राहिला. मे 1999 मध्ये मच्छीमार स्वतःच घेऱ्या तोडायला उतरले. म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या हुकमाची अंमलबजावणी त्यांनी स्वतःच्या हातानं केली. त्याचं बक्षीस त्यांना 29 मे 1999 च्या रात्री सोरणा गावात मिळालं. पोलिसांचा गोळीबार. चार माणसं मेली.

पुढच्या वर्षी समुद्राचं तोंड उघडलं.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. 2002 मध्ये पुरस्कार. त्याच 2002 मध्ये ओडिशा सरकारचं एक विधेयक: चिल्क्याच्या मासेमारीत सत्तर टक्के हक्क मच्छीमारांचा आणि तीस टक्के बिगर-मच्छीमारांचा. विधेयक अडलं, कारण मच्छीमारांनी ते अडवलं. पण त्यामागचा मेंदू ओळखा. सरोवर मरत होतं तोवर ते केउट-कंडरांचं होतं. सरोवर जिवंत झालं, मासा पाच-सातपट झाला, तेव्हा वाटणीचं विधेयक आलं. घेऱ्यांवर त्यानंतरही पुन्हा पुन्हा सरकारी मोहिमा झाल्या. तोडायच्या, आणि काही दिवसांनी पुन्हा उभ्या दिसायच्या. खारेपणा अमुक इतका उतरला की काय करायचं हे प्राधिकरणाला माहीत आहे. घेऱ्या अमुक इतक्या वाढल्या की काय थांबवायचं, हे कुठं लिहिलंय? पद्धत तर म्हणते मोजा आणि बदला. मग इथं का बदलत नाही?

"हा सामाजिक प्रश्न आहे, आमच्या कक्षेत येत नाही" हे उत्तर मला माहीत आहे. हे उत्तर मी खूप खुर्च्यांवरून ऐकलंय. त्याच्यावर मी बाबासाहेबांनाच पुढं करतो. फोटोतल्या नव्हे, फाइलवर सही करणाऱ्या बाबासाहेबांना. 1942 ते 1946 बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे-वीज त्यांच्याकडं होतं, हे आपल्या किती पोरांना माहीत आहे? दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्या खात्यात आकाराला आली. आणि ह्याच महानदीचा, जिचे फाटे चिल्क्याला पाणी देतात, तिचा प्रश्न घेऊन 8 नोव्हेंबर 1945 ला कटकला परिषद भरली तिचे अध्यक्ष तेच होते. त्यांच्या आधीच्या पूर-समित्यांना पाणी म्हणजे नुसतं लवकरात लवकर समुद्रात घालवायचं संकट वाटत होतं. बाबासाहेबांनी तो विचारच उलटा केला: पाणी ही संपत्ती आहे, ती साठवा, पूर, शेती, वीज, वाहतूक एकत्र धरून सगळ्या नदीचा विचार करा, आणि हे सगळं गरिबी हटवण्यासाठी. त्यातून हिराकुड आलं, 1957 मध्ये पुरं झालं. त्या धरणानं लाखावर माणसं उठवली हेही खरं आहे, आणि त्यांचं पुनर्वसन नासवणारे कोण होते ते वेगळं लिहायला पाहिजे. मला इथं एवढंच धरायचंय: ज्या माणसानं ह्या देशात खोऱ्याचं नियोजन रुजवलं त्याच्या डोक्यात पाणी आणि समाज ही दोन वेगळी खाती नव्हती. ती तुम्ही नंतर वेगळी केलीत.

आता महाडकडे मी वेगळ्या रस्त्यानं येतो. 1923 मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात बोले ठराव झाला, 1924 मध्ये महाड नगरपालिकेनं तळं सगळ्यांना उघडं केलं. कागदावर. तीन वर्षं तळं उघडं होतं आणि आपला एक माणूस तिथं पाणी पिऊ शकत नव्हता. आजच्यासारखं रिपोर्ट कार्ड असतं तर महाडला वरची श्रेणी मिळाली असती, ठराव मंजूर, तळं खुलं. 20 मार्च 1927 ला हजारोंनी ओंजळ भरली तेव्हा खरी मोजणी झाली. आणि निकाल लगेच आला: आपल्या माणसांची डोकी फोडली, नंतर शेणमुताच्या घागरी ओतून तळं शुद्ध केलं. मग ठराव मागं घेतला, मग कोर्ट, ते 1937 पर्यंत. चवदार तळ्याच्या पाण्यात खोट नव्हती. त्या दिवशी पाण्याच्या काठची माणसं मोजली गेली. दरवर्षी तिथं हार घालताना हे का आठवत नाही?

तज्ज्ञ म्हणतील, लोकांना प्रयोगात हात घालू दिला तर शास्त्र बुडेल. त्यांना अमेरिकेचं सांगा. आपण पँथरचं नाव तिथल्या काळ्यांकडून घेतलं, तर तिथल्या आदिवासींकडूनही थोडं घ्यायला हरकत नाही. कोलोरॅडो नदीवर ग्लेन कॅन्यन धरण आहे, 1963 चं. धरणानं खालच्या नदीची वाळू अडवली, पाणी गार केलं, मूळचे मासे घटले. 1996 मध्ये तिथं प्रयोग म्हणून मुद्दाम पूर सोडला, आणि 1997 पासून ह्याच करून-शिका पद्धतीची समिती आहे, तिच्यात आदिवासी राष्ट्रांच्याही खुर्च्या आहेत. हंपबॅक चब नावाचा मूळचा मासा वाचवायला 2003 ते 2006 मध्ये बाहेरून आणलेले ट्राउट हजारोंनी पकडून मारले. झुनी लोक म्हणाले, ही आमच्या उगमाची पवित्र दरी आहे, पाण्यातले जीव आमचे आहेत, इथं असा संहार चालणार नाही. आता मला पवित्र-बिवित्र पटत नाही, मी बौद्ध माणूस. पण झालं काय ते बघा. 2010 च्या मोहिमा थांबल्या, आणि पुढच्या आराखड्यात मासे जिवंत काढून दुसरीकडे नेण्याची सोय आली. शास्त्र बुडालं नाही. शास्त्राला दुसरी रीत शोधावी लागली. ती समितीही फक्त सल्ला देते, शेवटचा हुकूम सरकारचाच. तरी खुर्ची होती, म्हणून आक्षेप कागदावर चढला.

आणि आपल्या महाराष्ट्रात? 2014 मध्ये जलयुक्त शिवार आलं. 2020 मध्ये कॅगनं सांगितलं, 9,633 कोटी खर्च झाले आणि भूजलाच्या पातळीवर फारसा परिणाम नाही. ह्याच्यावर विधानसभेत दोन्हीकडून ओरडा झाला, कंत्राटदार कुणाचे वगैरे. पण ज्याच्या नावावर गुंठाभर शेत नाही त्याच्यासाठी शिवार जलयुक्त झालं काय, न झालं काय? पाणी जिरलं तर ते ज्याची विहीर त्याच्या विहिरीत जिरतं. गावात किती दलवस्त्यांच्या विहिरीला पाणी वाढलं, एवढा साधा रकाना कुणी टाकला का?

म्हणून मला मोर्च्यात एक वेगळी घोषणा पाहिजे. नदी-सुधार, सरोवर-सुधार, खाडी-सुधार, जिथं कुठं निघेल तिथं आपल्या पोरांनी घुसून पहिल्या दिवशीच विचारायचं: तुमची मोजायची यादी दाखवा. त्यात जातवार वाटा आहे का? पकड कुणाची, ठेका कुणाच्या नावावर, कुंपण कुणाचं, काम सोडून गाव सोडून गेलेली घरं किती, त्यातली आपली किती? नसेल तर ते रकाने टाका, आणि दरवर्षी खारेपणाच्या आकड्याशेजारीच छापा. आणि त्या आकड्याला काटा लावा. खारेपणा घसरला की तुम्ही धावता ना? तसा आमचा वाटा घसरला की काम थांबलं पाहिजे. मोजायला माणूस वस्तीतला पाहिजे, पगारी, आणि 'शेड जुळला' म्हणायच्या टेबलावर त्याची खुर्ची पाहिजे. चिंदी काढायला तेवढा आमचा हात आणि बघायला तुमचा डोळा, हे फार झालं.

आपल्यातले जे इंजिनियरिंगला गेलेत, पाण्याच्या खात्यात लागलेत, खडकवासल्यात नोकरीला असतील, त्यांना एवढंच की आरक्षणाच्या खुर्चीवर बसून नुसतं पाणी मोजू नका.

भाइनाला हे सगळं हिंदीत करून ऐकवलं. तो म्हणाला, रंभाच्या बाजूला वाचणारी दोन-चार पोरं आहेत, त्यांच्या भाषेत पाहिजे. ज्या कुणाला ओडिया लिहिता येतं त्यानं अंकाच्या पत्त्यावर कळवावं. स्टेन्सिलचा आणि कागदाचा खर्च आम्ही मिलवाले वर्गणी काढून देऊ.